सोलापूरची बिघडलेली नीळ

पुण्यातल्या आमच्या तपकिरीच्या दुकानावर 'दोनशे वर्षांची जुनी पेढी' अशी पाटी होती. आमच्या सौ. यमुनाबाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हीच पाटी 'शंभर वर्षांची' म्हणत असे. लग्नाला बारा वर्षे झाली, तेवढ्यात दुकान शंभर वर्षांनी म्हातारे कसे झाले, असा प्रश्न त्या दर पाडव्याला पाटी पुसताना विचारीत, आणि मी दर पाडव्याला चिमूटभर तपकीर ओढून उत्तरादाखल शिंकत असे. पुण्यात हे चालून जाते. इथे प्रत्येक दुकानदार आपल्या पेढीला थोडे वय वाढवूनच लावतो, आणि शेजारचा ते तपासायला येत नाही, कारण त्याने स्वतःचे त्याहून जास्त वाढवलेले असते.

पण बाहेरगावच्या माणसाला ही रीत कुठली ठाऊक? सोलापूरचे रामलिंगअप्पा लुगड्यांच्या व्यापारासाठी वर्षातून दोनदा पुण्यास येतात आणि आमच्याकडून तपकीर नेतात. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून पाटी वाचली आणि ते इतके हसले की हातातली तपकीर सांडली.

"दोनशे?" ते म्हणाले. "आवो वामनराव, आमच्या गावात निळाऱ्याचं एक घर हाय. कापडाला नीळ देतात. त्येंच्यापुढं तुमचं दुकान म्हंजे रांगतं प्वार. आन् त्येंच्या दारावर पाटी बी न्हाय!"

ते गेले, पण मला काही चैन पडेना. पाटी नसलेले दुकान पाटी असलेल्या दुकानापेक्षा जुने कसे असेल? संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला तिकडे गड्डा म्हणतात. तिचे निमित्त करून मी निघालो. घरात सांगितले की जुन्या पेढ्यांविषयी माहिती गोळा करायची आहे. खरा हेतू त्या निळाऱ्याच्या वयातून दोन-चार पिढ्या कमी करता येतात का ते पाहण्याचा होता. यमुनाबाईंना तो न सांगता कळला होता, कारण त्यांनी डब्यात लाडू दिले ते मोजके दिले.

गुरुवार

सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठते, भोंग्यावर जेवते आणि भोंग्यावर भांडण थांबवते. रामलिंगअप्पांच्या घरी मला पहिल्याच जेवणाला कडक भाकरी वाढली. आमच्याकडे भाकरी मोडते, इथली फुटते. तिचा आवाज ऐकून मी दचकलो तेव्हा पंक्तीला बसलेली सगळी माणसे ताटात बघून हसली. शेंगांची चटणी आणि वर दही मात्र असे होते की पुण्यात आम्ही आजवर जे खात आलो त्याला चटणी का म्हणतो, असा प्रश्न पडावा. मी तीनदा मागितली. चौथ्यांदा न मागताच आली.

जेवण झाल्यावर काळा कोट, काळी टोपी, खांद्यावर पांढरे उपरणे, काखेत छत्री आणि हातात जाड वही अशा थाटात मी बाजारात निघालो. निळाऱ्याकडे जाण्याआधी गावातल्या बाकीच्या जुन्या पेढ्या पाहून घ्याव्यात असा विचार होता. मंगळवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक दुकान दिसले. उंबरा मध्यभागी झिजून खोल झालेला, भिंतीवर पागोटेवाल्या आजोबांची तसबीर, आत हंड्यांची उतरंड. मी वही उघडली आणि विचारले, "दुकान किती वर्षांचे?"

दुकानदार, त्यांचे नाव चन्नबसप्पा, माझ्या वहीकडे पाहून उभेच राहिले. "कालचंच की, सायेब," ते म्हणाले.

"काल म्हणजे?"

"म्हंजे गेल्या दिवाळीचं."

"आणि हा उंबरा?"

"जुना इकत घेतला. स्वस्तात मिळाला."

"ही तसबीर कोणाची?"

चन्नबसप्पांनी आपल्या सख्ख्या आजोबांकडे एकदा पाहिले. नाक, कान, भुवया सगळे हुबेहूब. "वळखत न्हाय," ते म्हणाले. "फ्रेम बरी हाय म्हनून ठिवलीया."

पुढे मिठाईवाला, तेलवाला, घोंगड्यांचा व्यापारी, सगळीकडे हाच प्रकार. सत्तरीचे गृहस्थ गादीवर बसून सांगत होते की आपण या धंद्यात नवखे आहोत. एकाने तर दुकान आपले नसून मेहुण्याचे आहे असे सांगितले, आणि मेहुणा कुठे म्हणून विचारल्यावर मेहुणा अजून व्हायचा आहे असे उत्तर दिले. पुण्यात दुकानांची वये वाढवतात हे मला ठाऊक होते, पण दुकाने अशी तान्ही करून ठेवणारे गाव मी पहिल्यांदाच पाहिले. संध्याकाळी वहीत एकही शतक जमले नव्हते.

रामलिंगअप्पांनी ऐकले आणि गुडघ्यावर थाप मारली. "अहो, काळा कोट घालून, वही घिऊन, दुकान किती वर्साचं म्हनून इचारतंय कोन? सरकारी मानूस! कर बसवायला आला म्हनूनच समजले असनार तुमाला."

शुक्रवार

रामलिंगअप्पांनी मला नेले ते निळाऱ्याचे घर बोळाच्या टोकाला होते. पाटी खरोखरच नव्हती. दारात पोचण्याआधी वास आला, आणि तो असा होता की मी तपकीरवाला असूनही नाकाला उपरणे लावले. आत अंधाऱ्या खोलीत तीन मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. त्यांतल्या एकावर गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि त्याच्याजवळ पन्नाशीची एक बाई उकिडवी बसली होती. कोपरापर्यंत तिचे दोन्ही हात निळे होते. या भागव्वा. नवरा वारल्यापासून घरचा धंदा त्याच चालवतात. त्यांनी माझ्याकडे न बघता रांजणात बोट बुडवले, जिभेवर ठेवले आणि थुंकून टाकले.

"गेली," त्या म्हणाल्या. "आजबी तशीच. तुमी बगा."

नको म्हणायला तोंड उघडले तेवढ्यात माझे बोट त्यांनी धरून रांजणात बुडवलेही होते. चवीचे वर्णन करण्याइतकी सभ्य भाषा मला येत नाही. बोट पुढे पंधरा दिवस निळे राहिले.

मग रामलिंगअप्पांनी ओळख करून दिली आणि भागव्वांनी मला सगळे समजावले. नीळ ही पाण्यात कालवली की झाली अशी वस्तू नव्हे. तिच्यात चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालून तिला आंबवावे लागते, उबेत ठेवावे लागते. ती जिवंत असली की रांजणावर तांबूस निळा फेस चढतो आणि आतून हिरवे निघालेले कापड वाऱ्यावर निळे होते. एकदा जागी झालेली नीळ संपू द्यायची नसते. निम्मी राखायची, तिच्यात नवी घालायची. रांजण फुटला तरी आतले पाणी आधी वाचवायचे.

"ह्यी आमची थोरली," गोधडीवर हात फिरवत त्या म्हणाल्या. "बाकीच्या दोगी हिच्याच लेकी. त्या पंदरा दिसापूर्वीच मेल्या थंडीनं. आता ह्यी गेली तर इरजन लावायला बी कायी उरत न्हाय."

मी संधी साधून वही काढली. "थोरली किती वर्षांची?"

"म्हायती न्हाय."

"अंदाजे?"

"माझ्या सासूनं ह्येच्यात हात घातला. तिच्या सासूनं घातला. इजापूर मुलखात दुस्काळ पडला तवा आमची मानसं हिकडं आली, तवा बाईच्या डोक्यावर निळीची लोटी व्हती आन् काखंत प्वार. नदी उतरताना लोटी आदी पलीकडं नेली म्हनत्यात, प्वार मागनं. त्याच्या आदीचं म्या कसं सांगू? म्या कुटं व्हते तितं?"

कुठला दुष्काळ, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी वहीत लिहिण्यासाठी टाक उचलला आणि तसाच धरून राहिलो. वयात घट करायला आलो होतो, पण घट कशातून करायची? इथे आकडाच नव्हता.

एवढ्यात भागव्वांचे दीर शिवाप्पा बाहेरून आले. चाळिशीचा, खांद्याने वाकलेला, शांत माणूस. जबर तापातून उठल्यावर त्यांनी मठातल्या स्वामींपुढे दोन शपथा घेतल्या होत्या. एक, खोटे बोलणार नाही. दोन, सोमवारी बोलणारच नाही. त्यांच्या हातात परदेशी रंगाच्या भुकटीचा पत्र्याचा डबा होता.

"वयनी, म्या सांगितलंय," ते म्हणाले, "आवसेपतुर वाट बघीन. आवसेला जागी झाली न्हाय तर रांजन वतून टाकायचा. डब्यातला रंग गरम पान्यात टाकला की झालं. रातीला उटून ऊब बगायला नको, का चव घ्यायला नको. माझी पाट ऱ्हायली न्हाय आता."

भागव्वा गोधडी नीट करीत राहिल्या. दुसरा कुणी असता तर अमावस्येला काही सबबी सांगून थांबवता आला असता. पण शिवाप्पा बोलल्याप्रमाणे करणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. घरात खरे बोलणारा माणूस असला की किती पंचाईत होते ते मला त्या दिवशी समजले. अमावस्येला बारा दिवस उरले होते.

शिवाप्पा आत गेल्यावर भागव्वा हळूच म्हणाल्या, "औशद हाय. पन घरात कोन देनार?"

औषध म्हणजे थाप. नीळ बिघडली की निळाऱ्याने एक अचाट थाप गावात सोडायची. ती लोकांनी खरी मानली की नीळ जागी होते. भागव्वांच्या सासूबाईंनी एकदा सिद्धेश्वराच्या तळ्यात पांढरा हत्ती निघाल्याचे सांगितले होते, अर्धे गाव काठावर जाऊन बसले. नवऱ्याने उद्या गिरणीचा भोंगा वाजणार नाही म्हणून सांगितले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो वाजला तरी वाजला नाही असे समजून काही लोक झोपून राहिले. दोन्ही वेळा थोरली सकाळपर्यंत फेसाने भरली. पण आता सोलापूर शहाणे झाले होते. निळाऱ्याच्या घरातून काहीही बातमी निघाली की लोक पहिल्यांदा विचारत, "का वं, नीळ बिगडली का?" शिवाप्पा तर खोटे बोलणारच नव्हते.

"थापंला नेम हायत," भागव्वा म्हणाल्या. "कुनाचा जीव जाईल अशी नको. एकदा सोडली की पुडच्या संक्रांतीपतुर माघारी घ्यायची न्हाय. आन् ज्यानं सोडली, त्येच्या दारी ती दुसऱ्याच्या तोंडून, खरी म्हनून, परत आली पायजे."

मग त्यांनी कालच्या बाजाराची हकीकत विचारली. मी चन्नबसप्पांची तसबीर सांगितली. भागव्वा आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि माझ्या काळ्या कोटाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला ते बघणे आवडले नाही.

"छे छे," मी म्हणालो, "मी कधी खोटे बोलत नाही."

"आन् पाटी?" भागव्वा म्हणाल्या.

मी रामलिंगअप्पांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी मी चन्नबसप्पांच्या दुकानी पुन्हा गेलो. एक लहानसा तांब्या घेतला. निघताना मागे वळून हलक्या आवाजात म्हणालो, "तुम्ही भले गृहस्थ दिसता म्हणून सांगतो. यंदापासून दुकान जितके जुने तितका कर जास्त. कुणाला सांगू नका."

शेवटचे वाक्य भागव्वांनी शिकवले होते. त्याशिवाय बातमी चालत नाही म्हणे.

शनिवार ते सोमवार

शनिवारी सकाळी काही घडले नाही. दुपारी भोंगा झाल्यावर मी गड्ड्यावर गेलो तर पाळण्यात माझ्यासमोर बसलेला अनोळखी माणूस वर जाताना शेजाऱ्याला म्हणाला, "जुन्या दुकानावर कर बसला म्हनं," आणि पाळणा खाली येईपर्यंत तो कर दुप्पट झाला होता. माझी टोपी त्याच वेळी उडून एका भजीवाल्याच्या कढईशेजारी पडली. तिला आजही तेलाचा वास येतो.

रविवारी बाजार ओळखू येईना. 'जुने व प्रसिद्ध' अशा पाटीवरचे 'जुने व' चुन्याने पुसले होते. मिठाईवाल्याने दारी आंब्याच्या पानांचे तोरण बांधून उद्घाटनाचे पेढे वाटायला घेतले. मीही दोन खाल्ले. घोंगड्यांच्या व्यापाऱ्याने तर भटजी बोलावून दुकानाची वास्तुशांतच मांडली होती. आणि चन्नबसप्पांच्या भिंतीवर आजोबांच्या तसबिरीच्या जागी एक पांढरा चौकोन तेवढा उरला होता.  पुण्यात आम्ही नसलेले पूर्वज भिंतीवर टांगतो, आणि इथे माझ्यामुळे एका माणसाने असलेला आजोबा लपवला होता.

सोमवारी खरी परीक्षा आली. बाजारातल्या शहाण्या मंडळींना वाटले, शिवाप्पा खोटे बोलत नाही, त्यालाच विचारू. दहाजण त्यांना चौकात गाठून म्हणाले, "शिवाप्पा, त्यो कराचा सायेब तुमच्याकडं येतो न्हवं? खरं हाय का ते?"

सोमवार, मौन. शिवाप्पांनी कपाळावर हात मारला, आभाळाकडे बोट दाखवले आणि मान खाली घालून चालू लागले. त्यांना म्हणायचे होते, देवा, या लोकांना अक्कल दे. लोकांनी अर्थ लावला की बातमी पक्की आहे आणि आता देवच तारील. मंगळवार पेठेतली राहिलेली दोन दुकानेही दुपारपर्यंत तान्ही झाली.

मी भागव्वांकडे बसलो असताना संध्याकाळी चन्नबसप्पा घाईघाईने आत आले. मला रांजणांच्या खोलीत ढकलून भागव्वा पुढे झाल्या. "भागव्वा," चन्नबसप्पा कळवळून म्हणाले, "कर बसनार हाय. जितकं जुनं तितका जास्त. आमचं काय, चार पिढ्या. तुमचं घर तर गावात समद्यात जुनं, तुमी बुडालात बगा! माजं ऐका, थोरली माज्या कोठारात आनून ठिवा. वर हंडे रचतो. सायेबाचा बाप आला तरी घावायची न्हाय."

भागव्वांनी तोंडाला पदर लावला. चन्नबसप्पांना वाटले, त्या रडतात. "येवडं मनाला लावून घिऊ नका," म्हणून चन्नबसप्पांनी स्वतःचे डोळे पुसले आणि गेले. थाप दारी परत आली होती, दुसऱ्याच्या तोंडून, खरी म्हणून.

आम्ही गोधड्या सारल्या. पाण्यावर एका कडेला, रुपयाएवढा, तांबूस निळा फेस होता. भागव्वांनी माझे उपरणे खांद्यावरून ओढून घेतले आणि त्याचे टोक बुडवून बाहेर काढले. टोक हिरवट निघाले आणि आमच्या डोळ्यांदेखत निळे झाले. कुठलेही दुकान बघून मला इतका आनंद आजवर झालेला नाही.

मंगळवारी सकाळी फेस गेला होता.

"गावातल्या गावात फिरली," भागव्वा म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "काय तरी चुकलं. काय ते कळंना."  शिवाप्पांनी थोरलीवर आपली स्वतःची गोधडी आणून घातली आणि डबा उचलून फळीवर ठेवला.

बुधवार, गुरुवार

रामलिंगअप्पांनी मला मंगळवेढ्याकडे आपल्या मळ्यात हुरड्याला नेले. काळ्याभोर रानात नजर पोचेल तिथवर शाळूची कणसे. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला कोवळा हुरडा हातावर चोळून देत होते, सोबत गूळ आणि तीच चटणी. या जमिनीला वरचे पाणी लागत नाही, थंडीच्या दवावर पीक येते असे तिथला गडी सांगत होता. एरवी मी हे सगळे वहीत उतरवून घेतले असते. पण मला सारखा तो रुपयाएवढा फेस आठवत होता. हुरडा घशाखाली उतरत नव्हता असे लिहिणे शोभले असते, पण उतरत होता. पुष्कळ उतरला. दुःख वेगळे आणि हुरडा वेगळा.

परत येऊन भागव्वांचा निरोप घेतला. अमावस्येला सहा दिवस होते. निळ्या टोकाचे उपरणे मी त्यांच्याकडेच ठेवले. "जागी झाली तर सगळे बुडवून पाठवा," मी म्हणालो. "नाही झाली तर ठेवून घ्या."

"पुसायला होईल," भागव्वा म्हणाल्या आणि हसल्या. पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

पुणे

शनिवारी टांग्यातून उतरलो आणि प्रथम वाटले, घर चुकले. दुकानावरची पाटीच दिसेना. पाटी खाली ओट्यावर आडवी पडली होती, रंगारी तिच्यावर बसून पत्र्याने रंग खरवडत होता आणि यमुनाबाई पदर खोचून त्याच्यावर देखरेख करीत होत्या.

"आलात? बरे झाले," त्या दारातच म्हणाल्या. "ऐकलेत का? दुकान जितके जुने तितका कर बसणार आहे! सोलापूरचा चादरीवाला काल सांगत होता. तिकडे साहेब येऊनसुद्धा गेला. काळा कोट, हातात वही, नुसता दुष्ट दिसतो म्हणे. शंभरदा सांगितले होते, दोनशे दोनशे करू नका. आता भरा दोनशे वर्षांचा कर!"

मी हातात वही धरून, काळ्या कोटात, दारातच उभा राहिलो. थाप गावात फिरून भागव्वांच्या दारी गेली होती. पण भागव्वांनी ती सोडलीच नव्हती. सोडली होती मी. ती माझ्या दारी यायला हवी होती, आणि आली होती. दुसऱ्याच्या तोंडून, खरी म्हणून.

"हसता कसले?" यमुनाबाई म्हणाल्या.

एवढ्यात रंगारी म्हणाला, "बाई, खाली आणखी अक्षरे निघताहेत." 'दोनशे'च्या खाली 'शंभर' निघाले. ते खरवडले तर 'साठ'. ते माझ्या वडिलांच्या वेळचे असावे. त्याखाली अगदी तळाला, लाकडात खोदून भरलेली, आजोबांच्या हातची अक्षरे होती: 'तपकिरीचे नवीन दुकान'.

यमुनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी बोटाच्या निळ्या डागाकडे. आजोबांनी किती हौसेने 'नवीन' खोदून घेतले असेल! ते पुसताना आमच्यातल्या कुणालाच काही वाटले नव्हते. चन्नबसप्पांनी तसबीर निदान भीतीने लपवली होती, आम्ही तर नुसत्या ऐटीने आजोबांवर रंग फासला. पाटी तशीच, खोदलेल्या अक्षरांसह, पुन्हा वर चढवली. त्याच दिवशी सोलापूरला पत्र टाकले: माझ्या दारी आली.

अमावस्या गेली. उत्तर नाही. आणखी चार दिवस गेले. मी दुकानात बसून येणाऱ्या प्रत्येक टपालवाल्याकडे असा बघत असे की त्याने मला दोनदा फुकट तपकीर मागितली आणि दोन्ही वेळा मिळाली. पाचव्या दिवशी पार्सल आले. आत माझे उपरणे होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळे, रात्र पडण्याआधी आभाळ असते तसे. त्यात शिवाप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी होती:

'नीळ चतुर्दशीस पहाटे जागी झाली. तुमचे पत्र त्याच्या आदल्या दिवशी आले होते. पत्राने जागी झाली असे मी लिहिणार नाही. चार गोधड्या घालून आठ दिवस कोणी ढवळली नव्हती, त्याने झाली असेही लिहिणार नाही. मला माहीत नाही. डबा परत केला. वहिनींनी लेकींचे दोन्ही रांजण लावले आहेत. चन्नबसप्पांस अजून काही सांगितलेले नाही, कारण त्यांनी विचारलेले नाही.'

शिवाप्पांनी लिहिले म्हणजे खरेच. मी उपरणे अंगावर घेऊन गल्लीतून दोनदा हिंडून आलो. पुण्यात निळे उपरणे कुणी घेत नाही, त्यामुळे पुष्कळांनी पाहिले.

पुढे वर्षभर नेमाप्रमाणे मी तोंड मिटून राहिलो. यमुनाबाई अधूनमधून विचारीत, "तो कर शेवटी बसला का हो?" मी म्हणे, "विचार चालू आहे." एखादे नवे गिऱ्हाईक पाटी वाचून विचारी, "नवीन दुकान का? कधी निघाले?" मी सांगे, "आजोबांच्या वेळी."

गेल्या आठवड्यात संक्रांत झाली, मुदत संपली. पहिले पत्र मी चन्नबसप्पांना लिहिले. सारे कबूल केले, पाया पडलो आणि तसबीर भिंतीवर लावावी अशी विनंती केली. उलट टपाली उत्तर आले. तसबीर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात परत लावली होती, आजोबांशिवाय दुकानात करमेना म्हणून. कर बसला तर बसला. खाली लिहिले होते, 'भागव्वाच्या दारातनं त्या दिवशी निघताना रांजणाच्या खोलीत तुमची छत्री दिसली होती. पण कुणाला सांगितलं न्हाय.'

आता उरल्या यमुनाबाई. हा मजकूर पुरा झाला की त्यांच्या पुढ्यात ठेवणार आहे. त्या आत तिळगूळ करीत बसल्या आहेत. मी निळे उपरणे अंगावर घेऊन उंबऱ्यापाशी उभा आहे, आणि गेल्या वर्षी दिले तसेच मोजके लाडू मिळाले तरी चालतील असे मनाशी म्हणतो आहे.